रेस दिली की आवाज, सोडली की गप्प

"मिस्त्री, गाडी मागून बोलायलीय." नांदेड-लातूरकडच्या गॅरेजात मागच्या ॲक्सलची तक्रार अशी एका वाक्यात येते. ड्रायव्हरच्या दृष्टीने सगळं सांगून झालेलं असतं. घाईतला मेकॅनिक तेवढ्यावरच जॅक लावतो, ऑइल काढतो, झाकण खोलतो, आणि मग आत बघून ठरवतो की काय बदलायचं. जाणता मिस्त्री मात्र आधी ड्रायव्हरशेजारी बसून गाडी रस्त्यावर काढायला लावतो. मागचा ॲक्सल उघडा पडला की त्याचा आवाज बंद होतो, आणि कोणता भाग बिघडला याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा त्या आवाजातच असतो. डोळ्यांना ठीक दिसणारे गिअरचे दात लोड आल्यावर रडू शकतात, आणि डागाळलेले, जुनाट दिसणारे दात वर्षानुवर्षं निमूट चालतात. म्हणून या प्रकरणात पान्यापेक्षा कानाला जास्त जागा दिली आहे.

उदाहरणाला जीप घेऊ. १९४५ साली सुरू झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून इथे गाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घराण्यातल्या लांब जीपा मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून धावल्या. एसटी जिथे दिवसातून एखाद-दुसरी फेरी करायची, त्या कंधार, मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूरच्या वाड्या-तांड्यांवरून बाजारला, दवाखान्याला, लग्नाला माणसं याच गाडीने गेली. बैठक दहा-बारा जणांची आणि माणसं त्याहून किती तरी जास्त, टपावर पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारी पोरं. यातलं बहुतेक वजन मागच्या ॲक्सलवर पडतं, आणि गाडी ढकलण्याचं कामही तोच करतो.

त्याच्याकडे तीन कामं असतात. इंजिनाकडून प्रोपेलर शाफ्टने आलेलं फिरणं काटकोनात वळवून चाकांकडे न्यायचं, ते वळवताना वेग कमी करून ताकद वाढवायची, आणि वळणावर आतलं चाक हळू व बाहेरचं जोरात फिरू द्यायचं. पहिली दोन कामं मोठा क्राऊन आणि त्याला फिरवणारा लहान टेल पिनियन या जोडीची. जुन्या सीजे जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात असत. म्हणजे चाक एकदा फिरायला पिनियन ५.३८ वेळा फिरतो. तिसरं काम क्राऊनला जोडलेल्या केसमधल्या लहान दातेरी चाकांचं, ज्यांना गॅरेजात स्टार आणि सन म्हणतात. डिफरन्शियल नावाची ही रचना फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्योर याने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली होती. पेट्रोलची मोटार त्यानंतर निम्म्याहून जास्त शतक उलटल्यावर आली.

८ आणि ४३ हे आकडे मुद्दाम निवडलेले आहेत. एक सोडला तर दोघांना दुसरा सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला भेटून आल्याशिवाय तीच जोडी पुन्हा जुळत नाही. पिनियनचे पूर्ण ४३ फेरे व्हावे लागतात. त्याऐवजी १० आणि ४० दात ठेवले असते, तर ठरावीक दात ठरावीक दातांवरच घासत राहिले असते, आणि एका दाताची खोड त्याच्या वाट्याच्या मोजक्या दातांमध्ये खोल रुजली असती. ४३ आणि ८ मध्ये झीज सगळ्यांवर सारखी वाटली जाते.

आता कानाकडे येऊ. जीपच्या ६.००-१६ टायरचा घेर साधारण २.२ मीटर धरा. ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेतं, पिनियन चाळीसहून थोडे जास्त, आणि दात सेकंदाला सुमारे ३२५ वेळा एकमेकांना भिडतात. दात बिघडले असतील तर ऐकू येणारी घुंई याच ३२५ कंपनांची असते. भजनी मंडळातला पेटीवाला मागच्या बाकावर बसला असेल, तर तो मधल्या सप्तकातल्या पांढरी तीनच्या आसपासचा सूर सांगेल. वेग ४० वर आणला की कंपनं २१७ होतात आणि सूर खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाजवळ उतरतो. हल्ली वाद्य लावण्यासाठीची ॲप फोनवर मिळतात. तसं एखादं मागच्या सीटजवळ धरून आकडा वाचला आणि चाकाच्या फेऱ्यांनी भागला, की उत्तर ४३ च्या जवळपास येतं का ते पाहायचं. आलं तर आवाज क्राऊन-पिनियनचा. साडेसात कंपनं कानाला ऐकू येत नाहीत, ती सीटला जाणवतात. तो दोष टायर-रिमचा. चाळीसची भणभण आली तर नजर प्रोपेलर शाफ्टकडे वळवायची. याला पैसा लागत नाही, आणि हातात ॲप असताना हे न करता झाकण खोलणं मला तरी पटत नाही.

फोन नसला तरी चालतं. एकाच वेगाला, समजा ४० ला, गाडी आधी तिसऱ्या गिअरमध्ये चालवायची आणि मग टॉपमध्ये. इंजिनाचे फेरे बदलले तरी चाकांचा वेग तोच राहतो. सूर बदलला तर दोष इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला, जागचा हलला नाही तर मागे. फोर-व्हील-ड्राइव्ह जीपमध्ये ट्रान्सफर केसचे गिअरही रस्त्याच्या वेगानेच फिरतात, त्यामुळे तिथे ही एक परीक्षा पुरत नाही. दात मोजून आकडा काढावा लागतो, किंवा आवाज पायाखालून येतो की पाठीमागून हे शेजारी बसणाऱ्याने नीट ऐकावं लागतं.

पुढची परीक्षा टायरची, कारण टायरच्या घरघरीपायी खोललेल्या ॲक्सलांची गणती नाही. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गाडी घातली की टायरचा आवाज लगेच बदलतो. गिअर आणि बेअरिंगला रस्ता डांबराचा की सिमेंटचा हे कळत नाही. टायरमधली हवा थोडी वाढवून पाहिली तरी टायरचा आवाज बदलतो.

मग येतो खरा प्रश्न, रेस दिल्यावर की सोडल्यावर? दाताला दोन अंगं असतात. गाडी ओढताना पिनियन क्राऊनच्या बाहेर फुगलेल्या अंगाला ढकलतो. रेस सोडल्यावर चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि भार दाताच्या आतल्या, खोलगट अंगावर जातो. म्हणून फक्त रेस दिल्यावर सुरू होणारी आणि सोडताच थांबणारी घुंई म्हणजे ओढणारं अंग झिजलेलं, किंवा जोडणी करताना चुकीच्या जागी भिडवलेलं. फक्त सोडल्यावर येत असेल तर संशय पिनियनच्या बेअरिंगवर आणि पुढच्या नटवर. भार उलटला की पिनियनवरचा लांबीतला दाबही उलटतो. बेअरिंगची पकड ढिली असेल तर तो जागचा सरकतो आणि दात भलत्याच ठिकाणी घासतात. लोहा ओलांडून लातूरच्या वाटेला लागल्यावर चढ-उतार पुरेसे मिळतात. एकाच उतारावर रेस देत, सोडत, आणि दोन्हींच्या मधे गाडी नुसती तरंगती ठेवत ऐकलं, तर तिन्ही अवस्था समजतात.

बेअरिंगचा आवाज सूर धरत नाही. तो खरखरीत, घर्र असा, वेगाबरोबर वाढणारा, रेस दिली-सोडली तरी फारसा न बदलणारा. पिनियनचं बेअरिंग चाकाच्या पाचपट वेगाने फिरतं, त्यामुळे ते कमी वेगालाही ओरडतं. चाकाचं बेअरिंग ओळखायला गाडी रिकाम्या मैदानात हळू, पण घट्ट वळणं घेत चालवावी. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग गेलं. फक्त वळणावरच कुरकुर येत असेल आणि सरळ रस्त्यावर गाडी शांत असेल, तर स्टार-सनकडे पाहायचं. सरळ चालताना ते केससोबत एकसंध फिरतात, एकमेकांवर फिरतच नाहीत. त्यामुळे सरळ रस्त्यावरच्या आवाजाचा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही.

टक-टक येत असेल तर वेग ताशी ८ किलोमीटरवर आणावा. त्या वेगाला चाक सेकंदाला जवळपास एकच फेरा घेतं. सेकंदाला एक टक आली तर क्राऊनचा दात तुटला आहे, किंवा चाकाशी संबंधित काही आहे. सेकंदाला पाचाहून थोड्या जास्त आल्या तर पिनियनचा दात. मनगटावरच्या घड्याळाने दोन भाग वेगळे करता येतात.

आणि शेवटी ती खट्ट, गाडी उचलताना एकदाच येणारी. मालक लगेच म्हणतो, "क्राऊन गेला." बहुतेकदा तो शाबूत असतो. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस ढिले असतात, किंवा जुन्या जीपमध्ये हबची किल्ली घासलेली असते. त्या जीपमध्ये ॲक्सल शाफ्टचं टोक निमुळतं असतं, हब त्यावर दाबून बसवलेला असतो आणि मधे एक किल्ली. नट सैल राहिला की किल्लीच भार सोसू लागते, शेवटी कापली जाते. नट आवळून, किल्ली बदलून भागत असताना आख्खा ॲक्सल खोलणं म्हणजे मालकाच्या पैशाची नासाडी.

या भागात ॲक्सल मरतात त्यामागे ओझ्याखेरीज दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात, आणि दोन्ही पावसाळ्यातली. मन्याड, लेंडी, तेरणा यांच्या उपनद्या-ओढ्यांवरचे फरशी पूल पाण्याखाली जातात, आणि गाडी त्यातून घालतात. दहा-वीस किलोमीटर चालून आलेला ॲक्सल तापलेला असतो. तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ॲक्सल श्वास घेतल्यासारखा पाणी आत ओढतो, सीलच्या ओठातून किंवा वरच्या ब्रीदरच्या भोकातून. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सगळा ताण सीलवरच येतो. आतलं ऑइल दुधाळ होतं. गाडी रोज चालली तर लगेच काही कळत नाही. आठवडाभर उभी राहिली की पाणी बेअरिंगच्या रोलरखाली साठतं आणि गंजाचे ठिपके पडतात. दिवाळीनंतर गाडी मागून बोलू लागते. पुलावरचं पाणी तोवर ड्रायव्हरच्या लक्षातही राहिलेलं नसतं.

दुसरं कारण काळी माती. एक चाक चिखलात रुतून भिरभिरतं, दुसरं जागेवर. केसच्या फिरण्याचं गणित ठाम आहे: दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज क्राऊनच्या फेऱ्यांच्या दुप्पट. एक चाक थांबलं की दुसरं क्राऊनच्या दुप्पट वेगाने फिरतं, आणि मधले स्टार त्यांच्या आडव्या खिळ्यावर गरगर फिरतात. वळणापुरतं, हळूहळू फिरण्यासाठी बनलेल्या त्या भागाला असं पाच-दहा मिनिटं फिरवलं की खिळा तापतो, ऑइल फेकलं जातं आणि स्टार खिळ्यावर चिकटतो. चाकाखाली दगड-फांद्या घालून गाडी काढणं कष्टाचं आहे, पण डिफरन्शियल वाचतं. मागची चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून आवाज ऐकतानाही हेच गणित लक्षात ठेवावं. एका चाकाचा ब्रेक धरला गेला तर दुसरं मीटरवर दिसतं त्याच्या दुप्पट वेगाने फिरत असतं. गाडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, पक्की बसवलेली हवी आणि खाली माणूस नको.

रोग ठरला, आता खोलायचं. आधी ऑइल गरम असताना थाळीत काढा आणि चुंबक फिरवा. राखाडी, बारीक चिखल ही रोजची झीज. चकाकणारे पापुद्रे बेअरिंगचे, कोनदार तुकडे दातांचे. ऑइलमध्ये लाकडाचा भुसा निघाला तर गाडी कोणी तरी आवाज दाबून विकली आहे. ही जुनी लबाडी आहे, आणि जुनी जीप घेणाऱ्याने सौदा ठरण्याआधी मागचं ऑइल काढून बघायचा आग्रह धरावा.

ट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांची मोठी चकती दिसते. तिथे चाकाचं वजन हबच्या दोन बेअरिंगवर असतं आणि ॲक्सल शाफ्ट फक्त पीळ सोसतो. बोल्ट काढले की चाक न उचलता शाफ्ट बाहेर ओढता येतो. जुन्या सीजे जीपमध्ये तसं नाही. शाफ्ट वजनही पेलतो, आणि तो मोडला तर चाकच निघून जाऊ शकतं. म्हणून खोललेल्या जीपचा शाफ्ट केरोसीनने धुऊन, किल्लीच्या घराच्या टोकाशी केसासारखी चीर आहे का ते उजेडात बघायचं. ओव्हरलोडची गाडी असेल तर हे टाळू नये.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बनतात, आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. आपल्याकडे मुंब्र्याच्या भारत गिअर्ससारख्या कारखान्यांत अशा जोड्या तयार होतात. मालक म्हणतो, पिनियनच बदला, क्राऊन चांगला आहे. ऐकू नये. वेगवेगळ्या जोड्यांचे दोन भाग एकत्र आणले की दात कितीही चकचकीत असले तरी गाडी बोलणारच.

जोडणीत सगळा खेळ पातळ पत्त्यांचा, म्हणजे शिमचा. पिनियन क्राऊनच्या मध्यापासून किती अंतरावर बसतो हे आतल्या बेअरिंगच्या वाटीखालच्या शिम ठरवतात. क्राऊन पिनियनच्या किती जवळ येतो हे केसच्या दोन बाजूंच्या शिम. क्राऊन धरून दातांमधला मोकळा प्ले डायल गेजने मोजतात. जुन्या जीपच्या वर्कशॉप पुस्तकात तो ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर दिला आहे. पण प्ले बरोबर आला म्हणजे दात बरोबर भिडले असं होत नाही, आणि इथेच घाईचं काम उघडं पडतं. पिनियन चुकीच्या खोलीवर असतानाही क्राऊन सरकवून प्ले हवा तेवढा आणता येतो. मग गॅरेजातून निघालेली गाडी चार दिवसांत त्याच तक्रारीसह परत येते.

दात कुठे भिडतात हे पाहायला जुन्या पद्धतीत तेलात कालवलेला शेंदूर वापरतात. खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, दाट आणि धातूला चिकटून राहणारा. विषारी असल्यामुळे काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवायचे. क्राऊनच्या पाच-सहा दातांना त्याचा पातळ हात द्यायचा, क्राऊनला लाकडाने थोडा रोध करायचा, आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवायचा. शेंदूर पुसला जाऊन जो ठसा उरतो तोच निकाल. ठसा दाताच्या शेंड्याला आला तर पिनियन लांब आहे, त्याखाली शिम वाढवायची. मुळाशी आला तर पिनियन फार आत, शिम काढायची. ठसा दाताच्या बाहेरच्या रुंद टोकाकडे गेला तर क्राऊन पिनियनजवळ आणायचा, आतल्या अरुंद टोकाकडे गेला तर लांब न्यायचा. दोन्ही अंगांवर ठसा उंचीच्या मधोमध, लांबीत किंचित आतल्या टोकाकडे आला की थांबायचं. भार आल्यावर तो थोडा बाहेर सरकतोच.

एकदा शिम बदलायची म्हणजे बेअरिंग पुलरने काढायचं, प्रेसने परत बसवायचं. दोन-चारदा हे केलं की नवं बेअरिंगच खराब होतं. हुशार मिस्त्री जुन्या बेअरिंगचं भोक किंचित घासून हाताने सरकेल असं करून ठेवतो, सगळ्या परीक्षा त्यावर करतो, आणि शिमा ठरल्यावरच नवं बेअरिंग दाबतो. असं घासलेलं बेअरिंग ज्या गॅरेजात दिसेल तिथे ॲक्सल द्यायला हरकत नाही.

पिनियनच्या दोन निमुळत्या बेअरिंगवर थोडा ताण ठेवूनच नट आवळावा लागतो. हा ताण हाताच्या अंदाजाने लावू नये. फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या ताणकाट्याने ओढायचं आणि फिरायला किती जोर लागतो ते वाचून पुस्तकातल्या आकड्याशी ताडायचं. ढिलं राहिलं तर पिनियन सरकणार, फार घट्ट झालं तर बेअरिंग तापून जळणार. फ्लँजवर जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सीलही गळेल. खाचेवर बारीक स्लीव्ह चढवावी किंवा फ्लँजच बदलावी.

ऑइल भरताना नुसतं "नव्वद नंबर" मागू नये. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. या रचनेला हायपॉइड म्हणतात. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ग्लिसन कंपनीने असे गिअर कापायची यंत्रं बनवली आणि १९२६ मध्ये पॅकार्डने ही रचना मोटारीत आणली. पिनियन खाली गेल्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली बसला आणि दात मोठे, मजबूत झाले. पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीतून घसरतात, आणि घसरताना साध्या ऑइलचा थर फाटतो. म्हणून गंधक-फॉस्फरस मिसळलेलं, डब्यावर जीएल-५ लिहिलेलं ऑइलच लागतं. त्याचा उग्र वास ओळखू येतो. नव्वद हा आकडा फक्त घट्टपणा सांगतो. तो बरोबर असूनही ऑइल चुकीचं असू शकतं. जुन्या जीपला ते सव्वा लिटरच्या आसपास पुरतं, त्यामुळे स्वस्त ऑइलने वाचणारे पैसे फार थोडे असतात.

नवी जोडी पहिल्या फेरीत तापते, कारण दातांची कडक टोकं एकमेकांवर बसत असतात. नांदेडहून अर्धापूरपर्यंत रिकामी गाडी जास्त रेस न देता न्यायची, अर्धा तास उभी करून थंड होऊ द्यायची, मग परत आणायची. वाटेत हाऊसिंगला हात लावून बघायचा. कोमट-गरम चालेल, पण हात टिकत नसेल तर बेअरिंगचा ताण जास्त झाला आहे, गाडी गॅरेजलाच न्यावी. पहिले काही दिवस टपावर पोती नकोत आणि ट्रॉली ओढायची नाही. हजारेक किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा काढून चुंबक फिरवायचा. या वेळी करडा चिखल जरा जास्तच निघेल, तो नव्या दातांचा. पापुद्रे किंवा तुकडे निघाले नाहीत तर नवं ऑइल भरून गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.